जुनी पेडल स्टील गिटार: घेतली कशी, विकली कशी

ऑगस्ट २०१८मध्ये मी टेक्सासमध्ये एक जुनी पेडल स्टील गिटार विकत घेतली आणि मार्च २०२४मध्ये ती विकली. मधल्या काळात हे वाद्य घ्यावं असं मनात असलेले दोन-तीन मराठी लोक भेटले. सगळ्यांचे प्रश्न सारखेच होते. जुनी घ्यावी की नवी? फसवणूक कशी ओळखायची? एवढं जड वाद्य न्यायचं कसं? आणि पुढे विकायची वेळ आली तर? मलाही सुरुवातीला हेच प्रश्न पडले होते आणि विचारायला ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

आमच्या कोल्हापूरच्या मामांकडे हवाईयन गिटार होती. जेवणं झाली की ते ती मांडीवर आडवी घेत, डाव्या हातात पोलादी बार धरत आणि सिनेमातली गाणी वाजवत. व्हॅन शिपलींच्या रेकॉर्डी त्यांनी ऐकून ऐकून झिजवल्या होत्या. सुरावरून सुरावर घसरत जाणारा तो आवाज माझ्या लहानपणाच्या सुट्ट्यांचा आवाज आहे. मार्च २०१८मध्ये डॅलसजवळच्या एका हॉटेलात आमच्या ऑफिसचं प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर पलीकडच्या मोठ्या दालनातून तोच आवाज येत होता, फक्त जास्त भरलेला, एकाच वेळी तीन-चार सुरांचा. तिथे टेक्सास स्टील गिटार जॅम्बोरी, म्हणजे या वाद्याच्या वादकांचा मेळावा, भरली होती. मी प्रवेशाचे पैसे भरले, आत गेले आणि दुपारचं प्रशिक्षण बुडवलं.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चार पायांवर उभं, टेबलासारखं लांबट अंग. त्यावर दहा तारा. वाजवणारा समोर बसतो, डाव्या हाताने बार फिरवतो, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो. इथपर्यंत मामांचीच गिटार. फरक खाली आहे. पायाशी पेडल असतात आणि गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लिव्हर (नी-लिव्हर). पेडल दाबलं की सळ्यांची एक साखळी ठरावीक तारा ताणते किंवा सैल करते, म्हणजे बार जागचा न हलवता सूर बदलतो. नॅशव्हिलच्या वादकांनी रूढ केलेली ई-नाइन नावाची जुळवणी आहे. तिच्यात ई हा षड्ज धरला तर पहिलं पेडल पंचमाचा धैवत करतं आणि दुसरं गंधाराचा मध्यम. बाकीच्या तारा स्थिर आणि एकच तार मिंडेसारखी चढत जाते, हे पहिल्यांदा जवळून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. जोसेफ केकुकू या हवाईच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवर पोलाद घासून जे सुरू केलं, त्याचीच ही अमेरिकेत वाढलेली शाखा. मामांच्या हातातला बार तिथूनच आलेला.

दालनात विक्रीची टेबलं होती. नव्या, एका मानेच्या (म्हणजे तारांचा एकच संच असलेल्या) चांगल्या गिटारी साडेतीन-चार हजार डॉलरच्या घरात होत्या आणि नोंदवल्यावर काही महिने थांबायचं. जुन्या दोन हजारांपासून पुढे. एका टेबलामागे सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ होते. मी एका चकचकीत गिटारीच्या वरच्या बाजूकडे बघत उभी होते. ते म्हणाले, वरची बाजू विकणारा प्रत्येक जण पुसून ठेवतो, तू खाली बघ. त्यांनी ती उचलून केसमध्ये उलटी ठेवली आणि अर्धा तास मला तिचं पोट दाखवलं. सळ्या, कोपऱ्यांवरचे फिरते हात, स्प्रिंगा, आणि एका टोकाला चेंजर, म्हणजे प्रत्येक तारेखाली असलेलं बोटासारखं फिरणारं धातूचं यंत्र. माझ्याकडून त्यांना काही मिळणार नव्हतं हे त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी वेळ दिला. पुढे सहा वर्षांत माझा जो काही निर्णय बरोबर ठरला त्याच्या मुळाशी तो अर्धा तास आहे.

त्यानंतर पाच महिने मी फक्त बघत होते. विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या, तीन पेडल आणि एकच नी-लिव्हर असलेल्या जुन्या गिटारी स्वस्त मिळतात, आणि नवखा माणूस हमखास तिकडेच वळतो. माझं स्पष्ट मत आहे की त्या घेऊ नयेत. सगळं शिकवणं आज निदान चार लिव्हर धरून चालतं. एका लिव्हरवर सहा महिन्यांत अडकायला होतं, आणि बऱ्याचशा मॉडेलांत नंतर लिव्हर वाढवणं अवघड जातं. दोन मानांच्या गिटारीही मी सोडल्या. केससकट त्या तीस किलोच्या पुढे जातात. मी पाच फूट एक इंच, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, एकटीने उचलायचं तर एक मानच बरी.

जूनमध्ये एक जाहिरात दिसली, बाजारभावाच्या निम्म्या किमतीत एमन्सची गिटार. एमन्स म्हणजे या वाद्यातलं फार मोठं नाव, म्हणून हात शिवशिवले. विकणाऱ्याने पैसे आधी मागितले, आणि तेही नातलगांना पाठवतात त्या मार्गाने, ज्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. मी त्याला एकच विनंती केली: आजच्या तारखेचा कागद गिटारीच्या पोटाशी ठेवून फोटो पाठवा. उत्तर आलं नाही. जाहिरातीतले फोटो दुसऱ्याच कुणाच्या जुन्या विक्रीतले होते हे नंतर कळलं. खालच्या बाजूचा ताजा फोटो मागणं ही सवय तेव्हापासून लागली. ज्याच्याकडे वाद्य खरंच आहे त्याला ते उलटं करायला दहा मिनिटं लागतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ॲबिलीनची जाहिरात दिसली. हे टेक्सासमधलंच शहर, डॅलसजवळच्या प्लेनोतल्या माझ्या घरापासून दोनशे मैल. शो-बड प्रो-वन, एक मान, तीन पेडल, दोन नी-लिव्हर, मूळ केस, किंमत २,४०० डॉलर. फोटो तीनच आणि अंधारे. फोन एका वयस्कर बाईंनी उचलला. गिटार त्यांच्या नवऱ्याची. ते डान्स हॉलमध्ये आणि रविवारी चर्चमध्ये वाजवत, चार वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून केस पलंगाखाली होती.

शो-बड हे नाव शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांच्या नावांतून आलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात या दोघांनी नॅशव्हिलमध्ये गिटारी बनवायला सुरुवात केली. पुढे एमन्स वेगळे झाले आणि नॉर्थ कॅरोलायनात त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. शो-बडचा कारखाना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, म्हणजे बाजारात जी काही शो-बड आहे ती जुनीच. अंग मेपलच्या लाकडाचं, आणि पडद्यांच्या खुणांच्या जागी पत्त्यांतली चिन्हं: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. क्रमांकावरून वर्ष नेमकं ठरवता येत नाही, बनावट बघून अंदाज बांधावा लागतो. मी फोनवर बाईंना विचारून विचारून पुढची कड गोल आहे, सळ्या अडकवायच्या तुकड्याला दोन भोकं आहेत एवढं काढून घेतलं. त्यावरून ती १९७०च्या दशकाच्या मध्याची असावी.

पैशांचा प्रश्न आधी सोडवावा लागला. बाई एकट्या राहत होत्या, घरात मोठी रोकड नको म्हणत होत्या. कॅशियर्स चेक, म्हणजे आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखा बँकेचा चेक, चालेल म्हणाल्या. पण हा चेक बँक आधीच रक्कम घालून देते, आणि किंमत तर बघितल्यावर ठरणार. बँकेतल्या मुलीने उपाय सुचवला: १,८०० चा चेक करून घ्या आणि बाकीचे सहाशे डॉलर वीस-वीसच्या नोटांत न्या. चेकचे दहा डॉलर वेगळे लागले. ज्यांना घासाघीस करायची आहे त्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी.

शनिवार, १८ ऑगस्टला पहाटे पाचला निघाले. सोबत छोटा ॲम्प्लिफायर, वायर, ट्यूनर, टॉर्च, उशी आणि वहीत लिहिलेली तपासणी. नऊच्या आत पोचले. बाईंनी दिवाणखान्यात पंखा लावून ठेवला होता आणि आइस टी केला होता. केस उघडली तेव्हा जुन्या सिगरेटचा आणि लाकडाचा मिसळलेला वास आला. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला, त्यावर पेन्सिलने दहा तारांची जुळवणी आणि कोणतं पेडल काय करतं ते लिहिलेलं. तिसऱ्या तारेसमोर दोनदा अधोरेखित करून ‘जास्तीची ठेव’ अशा अर्थाचं काहीतरी.

आधी उशीवर उलटी ठेवली. लाकडाला पायांच्या जोडांपाशी चीर नाही. चारही पायांचे आटे शाबूत. पेडलच्या तीनही उभ्या सळ्या केसमध्ये होत्या. या सळ्या हरवलेल्या असतील तर नव्या करून घ्याव्या लागतात, म्हणून मोजायच्याच. एका नी-लिव्हरची स्प्रिंग गायब. चेंजरवर वाळलेल्या तेलाचा मधासारखा थर. मग उभी करून तारा जुळवल्या. प्रत्येक पेडल दहा वेळा दाबून सोडायचं आणि तार मूळ सुरावर परत येते का ते ट्यूनरवर बघायचं. पाचवी तार परत येत नव्हती, चढीच राहत होती. शेवटची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. चौथी तार नुसती छेडायची आणि पहिली दोन्ही पेडल एकदम दाबायची. या पेडलांचा त्या तारेशी संबंध नाही, तरी अंगाला बाक येऊन सूर किंचित उतरतो. याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. तो फार असेल तर दुरुस्ती जवळजवळ नाहीच. इथे काटा चार-पाच सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरला, जुन्या वाद्याला तेवढं चालतं.

मी बाईंना दोष जसेच्या तसे सांगितले. मळलेला चेंजर, गेलेली स्प्रिंग, दुरुस्तीचा अंदाज अडीचशे-तीनशे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि २,१०० म्हणाल्या. मी आणखी ओढलं नाही. माझ्या वहीत त्याच आकड्याच्या जवळपास खूण होती, आणि त्यांच्या समोर बसून पन्नास डॉलरसाठी झगडणं मला जमलं नसतं. साध्या कागदावर दोन प्रतींत विक्रीपत्र केलं: तारीख, दोघींची नावं, वाद्याचं वर्णन, क्रमांक, रक्कम, आणि ‘जशी आहे तशी’ हे शब्द. दोघींच्या सह्या. निघताना त्यांनी एकच मागणी केली. कधी विकलीस तर कुणाला गेली ते मला कळव.

परतताना जेवायला थांबले नाही. ऑगस्टमध्ये तिथे बंद गाडीतलं तापमान लाकडाच्या जोडांना आणि लॅकरला मारक असतं. गिटार गाडीत ठेवून कुठेही उतरायचं नाही, हा नियम हिवाळ्याइतकाच उन्हाळ्यातही पाळावा.

दुरुस्तीला नऊ आठवडे गेले. दुरुस्त करणारे गृहस्थ सहा म्हणाले होते. या कामाची माणसं मोजकी आहेत, रांग असते, आणि फोन करून त्यांना घाई करण्यात अर्थ नसतो. त्यांनी चेंजर सुटा करून नॅप्थ्यात धुतला, स्प्रिंगा आणि टोकाचे नायलॉनचे नट बदलले. याचे २६० डॉलर. आणखी ३४० देऊन दोन नी-लिव्हर बसवून घेतले. ते लाकडाला नवी भोकं पाडणार होते, त्यावर मी दोन रात्री विचार केला. जुनं वाद्य जसं होतं तसं ठेवावं असं मानणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. पण मला ते वाजवायचं होतं. काढलेला प्रत्येक जुना भाग त्यांच्याकडून पिशवीत मागून घेतला. विकताना त्या पिशवीची खरीच किंमत झाली, तेव्हा ‘जुने भाग परत हवेत’ हे काम सोपवतानाच सांगा.

विम्याचं काम मी डिसेंबरमध्ये केलं, खरं तर पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. भाड्याच्या घराच्या नेहमीच्या विम्यात अशा एका वस्तूची पूर्ण किंमत मिळेलच असं नसतं. वेगळी नोंद करावी लागते, आणि तिच्यासाठी मूल्यांकनाचं पत्र, चार बाजूंचे फोटो, क्रमांक आणि विक्रीपत्राची प्रत मागतात. मूल्यांकनाला ७५ डॉलर, पुढे वर्षाला ३१ डॉलर. पत्र मिळायला तीन आठवडे लागले.

वाजवण्याबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. दोनच गोष्टी सांगते. ही वाद्यं उंच पुरुषांच्या मापाने बनलेली असतात. माझे गुडघे लिव्हरना नीट लागेनात आणि पाठ धरायला लागली. पाय कमी-जास्त करता येतात, पण एका मर्यादेपर्यंतच. आखूड पाय आणि त्या मापाच्या पेडल-सळ्या करून घेतल्यावर (१४० डॉलर) दुखणं थांबलं. बुटांचा तळ पातळ हवा, नाहीतर पेडल किती दबलं ते पायाला कळत नाही.

दुसरी गोष्ट जुळवणीची. पहिले काही आठवडे मी ट्यूनरचा काटा मधोमध आणून सगळ्या तारा लावत होते आणि तरी गिटार बेसूर वाटत होती. शिकवणारे म्हणाले, जी-शार्पच्या, म्हणजे गंधाराच्या, तारा खाली उतरव, ट्यूनरचं ऐकू नकोस. मी काटा न बघता, षड्जाची तार धरून गंधार कानाने लावला. काटा मधल्या रेषेच्या बराच खाली, साधारण चौदा सेंटवर थांबला होता, आणि गिटार एकदम उजळली. हा तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार. पियानोची समान वाटणी त्याला वर ढकलते, आणि पेडल स्टील वाजवणारे त्याला परत जागेवर आणतात. त्या रात्री मामांना फोन लावून तीन स्वर ऐकवले. त्यांनी परत वाजवायला लावले. मग विचारलं, पाय कशाला लागतात? सगळं समजावून सांगेपर्यंत भारतात दुपारचे बारा वाजले.

तिसरी तार अकरा-हजारांश इंच जाडीची असते आणि ताण मोठा, त्यामुळे ती वारंवार तुटते. संच न घेता ती एकटी डझनावर घ्यावी. पिवळ्या कागदावरचं अधोरेखन मला पहिल्याच महिन्यात समजलं.

ऑक्टोबर २०२३मध्ये आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. गिटार न्यायची की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. केससकट वजन पंचवीस किलो, म्हणजे विमानातल्या तेवीस किलोंच्या पुढे, आणि खालच्या पोटात टाकायची तर पाय-पेडल वेगळे काढूनही धाकधूक. समुद्रमार्गे सामानातून नेता आली असती. विजेची अडचण नव्हती, तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपला वीज लागत नाही, ॲम्प्लिफायर तिकडे घेता आला असता. अडलं ते चेंजरपाशी. तो बिघडला तर पुण्यात कुणाच्या हातात द्यायचा याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चार वर्षं पलंगाखाली राहून त्या यंत्राचं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. जानेवारीत विकायचं नक्की झालं, आणि त्या दिवसापासून मी रोज अर्धा तास जास्त वाजवायला लागले.

किंमत ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. दोन्हींत पाचशेचा फरक सहज दिसतो. एका दुकानाने १,४५० सांगितले, त्यांना पुढे नफा काढायचा असतो, त्यात गैर काही नाही. ऑनलाइन बाजारात मी २,८५० लावले. विक्री झाल्यावर तिथे तेव्हा वेगवेगळी शुल्कं मिळून आठ टक्क्यांच्या आसपास जात. फोटो एकोणतीस काढले, त्यातले चौदा खालच्या बाजूचे, दिवसाच्या उजेडात. वर्णनात कॅबिनेट ड्रॉपचा आकडा, नंतर बसवलेले दोन लिव्हर, लॅकरच्या बारीक चिरा, डाव्या कोपऱ्यावरचा ओरखडा, सगळं लिहिलं. दोष आधीच लिहिले की फुकटचे प्रश्न कमी येतात आणि येणारा माणूस तयारीने येतो.

पहिल्या आठवड्यात एकाने न बघता पूर्ण किंमत कबूल केली. चेक जास्त रकमेचा पाठवतो, वरचे पैसे माझ्या वाहतूकदाराला द्या, असा निरोप. हा जुना सापळा आहे. बँकेच्या खात्यात पैसे जमा दिसतात, तुम्ही वरची रक्कम पाठवता, आणि पंधरा दिवसांनी चेक खोटा निघाल्यावर सगळं तुमच्या अंगावर येतं. नेदरलँडहून एक खरी चौकशी आली. लाकूड कोणतं, शिंपल्याचं काम आहे का, असं त्यांनी नेमकं विचारलं, कारण ब्राझिलियन रोझवुडसारखं संरक्षित लाकूड असेल तर परवान्याशिवाय वाद्य सीमेपार जात नाही. माझी मेपलची असल्यामुळे तो अडथळा नव्हता. पण सीमाशुल्क, तिकडचा कर आणि वाहतूक मिळून त्यांना ती फार महाग पडत होती, आणि आम्ही दोघांनी समंजसपणे तो विचार सोडला. पॅकिंगचा हिशेब मात्र त्यानिमित्ताने झाला: पाय आणि सळ्या वेगळ्या गुंडाळून, केस भरून, केसभोवती फोम आणि दुहेरी खोकं. देशातल्या देशात विम्यासह १६० डॉलरच्या आसपास.

फेब्रुवारीच्या शेवटी ओक्लाहोमातल्या लॉटनहून फोन आला. एकोणीस वर्षांचा मुलगा, चर्चमध्ये वाजवणारा, एका लिव्हरच्या गिटारीवर अडकलेला. २,४०० पर्यंत देऊ शकतो म्हणाला. मी कागदावर हिशेब मांडला. २,८५० पूर्ण मिळाले असते तरी आठ टक्के आणि वाहतूक वजा जाऊन जवळपास अडीच हजार हातात येणार, तेही कधी ते ठाऊक नाही, आणि आमची विमानाची तिकिटं एप्रिलची. मी हो म्हटलं.

९ मार्चला, शनिवारी, तो आजोबांबरोबर आला. अनोळखी माणसाला घरी बोलवू नये असं म्हणतात. अमेरिकेत बऱ्याच पोलीस ठाण्यांबाहेर अशा व्यवहारांसाठी जागा असते, पण तिथे ॲम्प्लिफायरला वीज कुठली? मी आमच्या सोसायटीचं क्लबहाऊस दोन तासांसाठी घेतलं. माणसं येत-जात असतात, कॅमेरे असतात, प्लग असतो. मुलगा आत आला, नमस्कार केला आणि कुणी काही म्हणायच्या आत गालिच्यावर झोपून, फोनचा दिवा लावून गिटारीच्या खाली सरकला. मला जॅम्बोरीतले ते गृहस्थ आठवले. मग तो बसला. त्याने एक संथ स्तोत्र वाजवलं, दुसऱ्या कडव्यात पहिलं पेडल इतकं हळू सोडलं की सूर विरघळल्यासारखा खाली आला. सहा वर्षांत मला ते तितकं हळू जमलं नव्हतं. आजोबा खिडकीबाहेर बघत होते.

आजोबांच्या बँकेची शाखा प्लेनोत होती. शनिवारी ती दुपारी बंद होते हे मी आधीच बघून ठेवलं होतं, म्हणून आधी तिकडे गेलो. कॅशियर्स चेक काउंटरवर माझ्या डोळ्यांसमोर बनला. कुणी बनवून आणलेला चेक घेऊ नका, खोटे हुबेहूब असतात. परत येऊन विक्रीपत्र दोन प्रतींत, क्रमांकासकट, दोघांची ओळखपत्रं एकमेकांना दाखवून. जुन्या भागांची पिशवी, आखूड आणि लांब दोन्ही पायांचे संच, तिसऱ्या तारेची नऊ पाकिटं, सगळं दिलं. पिवळा कागद झाकणात होता तसाच ठेवला. त्याच्या खाली मी नव्या दोन लिव्हरचं काम पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. बार मात्र मी ठेवून घेतला आणि ते मुलाला आधीच फोनवर सांगितलं होतं.

नंतरची कागदपत्रं थोडक्यात. विम्यातली नोंद रद्द करायला विक्रीपत्राची प्रत पाठवली, उरलेल्या महिन्यांचे १७ डॉलर परत आले. करासाठी खरेदी, दोन लिव्हर आणि विक्री यांच्या पावत्या एका लिफाफ्यात ठेवल्या. स्वतःच्या वापरातली वस्तू नफ्यात विकली तर नफ्यावर कर लागतो, तोट्यात विकली तर तोटा कुठे वजा करता येत नाही. मला २,१०० आणि ३४० मिळून २,४४० पडले होते, म्हणजे कर नव्हता. जाहिरात त्याच रात्री काढली आणि चौकशी करून थांबलेल्या तिघांना कळवलं.

रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, ॲबिलीनला फोन लावला. नंबर तोच होता. उचलायला वेळ लागला. मी कोण ते सांगितलं, मग मुलाबद्दल सांगितलं: लॉटनचा, एकोणीस वर्षांचा, आजोबांबरोबर आला होता, रविवारी वाजवतो. त्यांनी चर्च कोणतं ते विचारलं, त्याच्या हातांबद्दल विचारलं. कागद अजून झाकणात आहे म्हटल्यावर काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, तिसरी तार अजून तुटते का? हो, म्हटलं, गेल्याच महिन्यात तुटली होती.